गरम पाण्याचा नळ गार पडला, तर

नरकचतुर्दशीची पहाट. बीडच्या एखाद्या घरात वाटीत उटणं कालवून ठेवलेलं, तेल कोमट केलेलं, पोरांना गदगदा हलवून उठवलेलं. न्हाणीतला गरम पाण्याचा नळ सोडला की आधी फुस्स करून हवा येते, मग दोन गुळण्या, आणि मग बोअरचं असावं तसं गार पाणी. घरातला कर्ता माणूस गिझरचं बटण दाबतो. लाल दिवा लागतो, पण अर्धा तास झाला तरी पाणी कोमटाच्या पुढे सरकत नाही. मिस्त्रीला फोन लावावा, तर तो आपल्या घरी पाटावर बसलेला.

अशा वेळी हमखास येणारं वाक्य म्हणजे, ‘कालपर्यंत तर चांगलं चालू होतं!’ कालपर्यंत कुणी बघितलेलंच नसतं. मार्च लागला की बीडमध्ये गरम पाण्याची आठवण कुणाला येत नाही. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं साधं पाणीच दुपारी अंगाला चटका देतं. त्या सात-आठ महिन्यांत गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर उन्हात उकळत, सुकत, क्षार साठवत पडलेला असतो. बिघाड बहुतेक वेळा उन्हाळ्यात होतो आणि दिवाळीच्या पहाटे तो दिसतो, इतकंच.

या जिल्ह्यात ‘बॉयलर’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे परळीच्या चिमण्या येतात, नाहीतर साखर कारखान्याचा अग्निप्रदीपन समारंभ. थंड देशांत घरोघरी खोल्या तापवणारा बॉयलर असतो. आपल्याकडे खोली तापवायची गरज नाही, न्हाणी तापली की पुरे. त्यासाठी आधी तांब्याचा बंब होता. त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जात. बंबाचं एक बरं होतं. तो बिघडला तर डोळ्यांना दिसे: तळ गळतोय, तोटी अडकली, नळकांड्यात काजळी धरली. जुन्या माणसांनी सोलरलाही ‘सोलर बंब’च म्हटलं, पण त्याचे रोग झाकलेले असतात. ते शोधायला थोडी रीत लागते.

ती रीत परळीकडूनच शिकण्यासारखी आहे. १९७१ पासून वीज तयार करणारं तिथलं औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद ठेवावं लागलं. यंत्रं मोडली नव्हती. दुष्काळात पाणी संपलं होतं. शेकडो मेगावॉटच्या बॉयलरची ही गत, तर गच्चीवरच्या शंभर लिटरच्या टाकीची काय कथा? म्हणून बीडसारख्या जिल्ह्यात पहिली तपासणी पाण्याची, दुसरी हवेची, तिसरी उन्हाची आणि सगळ्यांत शेवटी विजेची. लोक नेमकं उलटं करतात. आधी पेचकस घेऊन गिझर उघडतात आणि तासाभराने कळतं, की वरची टाकीच रिकामी आहे.

तेव्हा आधी गच्चीवर जावं. जाताना पायात चप्पल, हातात बॅटरी, आणि सोबत घरातलं दुसरं कुणीतरी हवं. सोलरची टाकी भरते ती तिच्यापेक्षा उंच ठेवलेल्या गार पाण्याच्या टाकीतून. पंप नाही, मोटर नाही. पाणी आपल्या वजनाने उतरतं. बीडकरांना हे नवल वाटायचं कारण नाही. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या खजाना विहिरीतून पाणी असंच बिनमोटेचं, उताराने शेतांकडे जात आलं आहे. पण उतार असेल तरच पाणी जातं. गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलर टाकीच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर वर हवा. घरावर नवा मजला चढवताना किंवा टाकी बदलताना हा हिशोब पुष्कळदा चुकतो. मग टाकी काठोकाठ असताना सोलर भरतो आणि ती अर्ध्यावर आली की अडतो. ‘कधी येतं, कधी येत नाही’ अशी तक्रार असेल, तर सुतळीला दगड बांधून ही दोन उंचींमधली तफावत मोजावी. दोष तिथेच सापडण्याची शक्यता मोठी.

टाकी भरलेली आहे, उंचीही बरोबर आहे. मग मधला कॉक. तो अर्धवट फिरलेला असतो किंवा क्षाराने जाम झालेला असतो. कॉक पूर्ण उघडून बघावा. त्याच्यापुढे बहुधा एक एनआरव्ही असतो, म्हणजे पाण्याला एकाच दिशेने सोडणारी झडप. टँकरच्या पाण्यातला गाळ, टाकीतलं शेवाळ, प्लॅस्टिकचा तुकडा यांपैकी काहीही तिच्यात अडकतं. कॉक बंद करून, पाइपाचा जोड (युनियन) सोडवून, झडप जुन्या दात घासायच्या ब्रशने धुता येते. परत बसवताना बाणाची दिशा तपासावी. बाण सोलरकडे असतो. ती उलटी बसवून ‘धुतल्यापासून पाणीच बंद झालं’ म्हणणारे कमी नाहीत.

आता हवा. नळातून फुस्स, गुळगुळ आवाज येत असेल आणि पाणी धड येत नसेल, तर पाइपात हवा अडकली आहे. टाकी एकदा रिकामी होऊन पुन्हा भरली की हे होतंच, आणि जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे टाकी रिकामी होणं ही काही अपघाताची गोष्ट नाही. घरातले सगळे गरम नळ, तळमजल्यापासून वरपर्यंत, पाच-दहा मिनिटं उघडे ठेवावेत. पुष्कळदा एवढ्यानेच हवा सुटते. नाही सुटली, तर प्लंबरची एक जुनी युक्ती आहे. मिक्सर नळाचं तोंड तळहाताने घट्ट दाबायचं आणि गरम-गार दोन्ही चाव्या उघडायच्या. गार पाणी उलटं गरम पाइपात शिरतं आणि हवेचा फुगा वर ढकलतं. दोन-तीनदा असं केलं की वर टाकीत बुडबुड ऐकू येते. हे काम पाणी गार असताना, पहाटे करावं. दुपारी केलं तर तळहात भाजेल.

सोलर टाकीच्या माथ्यावर एक उभा पाइप असतो, वर वाकवलेला किंवा टोपी घातलेला. तो एअर व्हेंट. याच्याकडे कुणी बघत नाही, आणि घरगुती सोलरमधला सगळ्यात महागडा बिघाड इथूनच सुरू होतो. ही टाकी दाब सोसायला बनवलेली नसते. पाणी तापून वाफ झाली की ती या पाइपातून बाहेर पडते. नळ सोडला की याच पाइपातून हवा आत येते. म्हणजे टाकीचं ते नाक आहे. कुंभारीण माशीला असा अर्ध्या-पाऊण इंचाचा, उन्हाचा, निवांत पाइप फार आवडतो. ती चिखलाचा गोळा आणून आत घर करते आणि तोंड लिंपून जाते. मग खाली कुणी नळ सोडला, की पाणी बाहेर आणि आत हवा नाही. आतला स्टीलचा पत्रा ओढला जाऊन टाकी चेपते. बाहेरून कवच जसंच्या तसं दिसतं, आतला पत्रा कागदासारखा चुरगळलेला असतो. याला दुरुस्ती नाही, नवी टाकीच. आणि वाफ कोंडली तर उलटं, टाकी फुगून सांधे उसवतात. इलाज मात्र अगदी साधा. दिवाळीआधी तारेने पाइप साफ करायचा आणि तोंडाला बारीक जाळी बांधायची. व्हेंटमधून पाणी ओघळतं म्हणून त्याला बूच मारणारा माणूस स्वतःच्या पैशाने टाकी फोडतो. पाणी ओघळत असेल तर व्हेंटची उंची कमी आहे. तो गार टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर न्यावा.

आता नळ्यांकडे. अलीकडे बहुतेक घरांत काळ्या काचेच्या नळ्यांचा सोलर असतो. नळी दुपदरी असते, दोन काचांमध्ये हवा काढून घेतलेली असते, थर्मासमध्ये असते तशी. त्यामुळे आतलं पाणी ऐंशी अंशांवर गेलं तरी नळी बाहेरून हाताला फारशी तापलेली लागत नाही. तपासणीची खूण हीच. भर उन्हात, कोरड्या हाताने, एकेका नळीला अलगद बोट लावत जावं. इतर नळ्या साध्या लागतात आणि एखादी गरम लागते, तर त्या गरम नळीचा निर्वात गेला. ती बाहेर उष्णता सांडते आहे. दुसरी खूण खालच्या टोकाला असते. तिथे आरशासारखा चंदेरी ठिपका असतो. हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. टोपी काढून बघता येतं. वीस नळ्यांत एक-दोन पांढऱ्या पडल्या तर पाणी थोडं कमी तापेल; पाच-सहा पडल्या तर सकाळची अंघोळ गेली म्हणून समजावं.

नळी बदलणं घरी जमण्यासारखं आहे, पण त्याची वेळ चुकवता कामा नये. टाकी रिकामी करायची, नळीला आणि रबराच्या रिंगला साबणाचं पाणी लावायचं, नळी गोल फिरवत वर सरकवायची, खालची वाटी मोकळी करायची, मग फिरवतच खाली ओढायची. नवी नळी उलट्या क्रमाने. ५८ मिलिमीटर जाडीच्या आणि १८०० मिलिमीटर लांबीच्या नळीत अडीच लिटरच्या वर पाणी मावतं, ते ध्यानात ठेवून उभं राहावं. काम सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर करायचं, कारण रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्याही वर तापू शकते.

इथेच बीडमधल्या बहुतेक फुटलेल्या नळ्यांचं कारण आहे. नळाला पाणी आठवडा-आठवडा येत नाही. टाकी संपते, सोलर सुकतो, नळ्या कोरड्या तापतात. भर दुपारी दीड वाजता टँकर येतो, आनंदाने मोटर चालू होते, आणि गार पाणी त्या तापल्या काचेवर पडतं. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर जो चर्र आवाज येतो, त्याच्यापाठोपाठ काच तडकल्याचा आवाज येतो. या सोलरमध्ये पाणी थेट नळीत असतं. एक नळी फुटली तरी सगळी टाकी तिच्या वाटेने वाहून जाते. टँकरचं विकतचं पाणी डोळ्यांदेखत पन्हाळीतून खाली. म्हणून नियम एकच: सोलर सुकला असेल, तर दुपारी टाकी खुशाल भरावी, पण सोलरकडे जाणारा कॉक बंद ठेवावा. दिवस मावळून तास-दीड तास झाला, की उघडावा. टंचाईत सोलरसाठी पाणी ठेवणं परवडणार नसेल, किंवा घर महिनोन्‌महिने कुलूपबंद राहणार असेल, तर नळ्या जुन्या तट्ट्याने, पोत्याने किंवा शेडनेटच्या दुहेरी घडीने झाकून टाकाव्यात. शेतीवाल्या घरात शेडनेटचा तुकडा नाही असं होत नाही. उन्हाळाभर अर्ध्या नळ्या झाकून ठेवणं तर एरवीही चांगलं. पाणी उकळत नाही, वाफ होऊन आटत नाही.

नळ्या फोडणारे आणखी दोघे म्हणजे वानर आणि गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने काय केलं, हे ज्वारी-गव्हाबरोबर गच्चीवरच्या काचांनीही पाहिलं. लोखंडी जाळीचा सैल पडदा दोघांनाही आवरतो, थोडं ऊन खातो.

पाणी येतंय, हवा नाही, नळ्या धड, तरी पाणी कोमटच? मग ऊन मोजावं. बीड साधारण १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर इथे दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पण २२ डिसेंबरला तोच सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो; दक्षिणेकडच्या मीटरभर उंच कठड्याची सावली तेव्हा जवळपास मीटरभर लांब पडते, आणि सकाळी नऊला तर कितीतरी जास्त. उन्हाळ्यात बसवताना कुणालाच न दिसलेली सावली हिवाळ्यात सोलरच्या अंगावर येते. शेजाऱ्याने मधल्या काळात चढवलेला मजला, नवी पाण्याची टाकी, वाढलेला शेवगा, सगळं तपासावं. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन सावलीची कड खडूने आखली, की उत्तर मिळतं. धूळही कमी नाही. कापूस, तूर निघायच्या दिवसांत रस्त्याकडच्या घरांच्या नळ्यांवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी माती बसते. पहाटे ओल्या फडक्याने पुसावी. पाइप लावून दुपारी धुऊ नये.

संध्याकाळी नळाला चटका बसतो आणि सकाळी पाणी गार, ही तक्रार वेगळी आहे. तिचं मूळ बहुतेकदा खाली घरात असतं. एखाद्या मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या आणि पुढचा फवारा तेवढा बंद, अशी अवस्था राहिली, की रात्रभर गार पाणी हळूहळू गरम पाइपात शिरत राहतं. सगळ्या मिक्सरखालचे छोटे कॉक एक रात्र बंद ठेवून बघावेत. सकाळी पाणी गरम निघालं, तर चोर घरातच आहे. मग रोज एकेक कॉक उघडून तो पकडावा. तरीही गार पडलं, तर सूर्यास्तानंतर गच्चीवर जाऊन गार पाण्याच्या पाइपाला हात लावावा. टाकीपासून चार-पाच फुटांवरही तो गरम लागला, तर एनआरव्ही काम करत नाही, गरम पाणी मागे गार टाकीत जातंय. आणि सोलर टाकीचं कवच हाताला गरम लागत असेल, खालून पाणी झिरपत असेल, तर आतला फोम भिजला आहे. भिजली गोधडी ऊब देत नाही.

कधी कधी बिघाड नसतोच, पाहुणे असतात. साठ अंशांचं शंभर लिटर पाणी वीस अंशांच्या तेवढ्याच पाण्यात मिसळलं, की चाळीस अंशांचं दोनशे लिटर होतं: वीस लिटरच्या दहा बादल्या. दिवाळीला माहेरवाशिणी, जावई, नातवंडं मिळून चौदा माणसं असतील, तर अकराव्या माणसाला गारच पाणी मिळणार. त्यात सोलरचा दोष नाही.

या सगळ्याच्या तळाशी एकच जुनं दुखणं आहे: क्षार. बीड जिल्हा दख्खनच्या काळ्या खडकावर बसला आहे. बोअर जितकं खोल, तितकं पाणी त्या खडकात जास्त काळ मुरलेलं, आणि बहुधा तितकंच जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो; दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत. समजा घरच्या बोअरचं पाणी ५०० चं आहे आणि रोज शंभर लिटर तापवलं जातं. म्हणजे दिवसाला पन्नास ग्रॅम, वर्षाला अठरा किलो क्षार त्या यंत्रातून जातो. सगळा बसत नाही, पण पाणी जितकं जास्त तापेल तितका जास्त बसतो. साठ अंशांच्या पुढे तर झपाट्याने. परळीच्या केंद्रात बॉयलरला धरणाचं पाणी थेट पाजत नाहीत, आधी त्यातले क्षार काढून टाकतात. घरी तेवढा थाट नसला, तरी दोन गोष्टी जमतात. न्हाणीचा गिझर ५० ते ५५ अंशांवर ठेवायचा, आणि शक्य असेल तर सोलरला बोअरऐवजी नळाचं किंवा पागोळ्यांचं गाळलेलं पाणी जोडायचं. पाणी किती जड आहे याची शंका असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून घेता येतो.

बसलेला क्षार काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व पुरेसं असतं. लिटरभर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम या मापाने विरघळवून त्यात शॉवरची चाळणी, नळाची जाळी, काढलेली झडप दोन-तीन तास बुडवून ठेवावी. बारीक बुडबुडे येऊ लागतात. थांबले की काम झालं. संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीही वापरू नये. ‘दोन मिनिटांत चकाचक’ म्हणून ते ओतणारे मिस्त्री आहेत. ते क्षाराबरोबर स्टीलही खातं, आणि सहा महिन्यांनी टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. त्याचा धूर बंद न्हाणीत छातीत गेला, तर ते आणखी वेगळं.

आता कुठे गिझरकडे यावं, आणि तेही आधी घड्याळ घेऊन, पेचकस मागाहून. दोन किलोवॉटचा पंधरा लिटरचा गिझर वीस अंशांचं पाणी साठपर्यंत न्यायला एकवीस-बावीस मिनिटं घेतो. हे साधं गणित आहे. आपला गिझर पंचवीस मिनिटं घेत असेल तर तो निरोगी आहे. चाळीस मिनिटं घेत असेल, तर गिझरला दोष देण्याआधी व्होल्टेज बघावं. हिवाळ्यात पहाटे गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला मोटरी चालू असतात, वीज २३० ऐवजी १८० वर येते. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याने उतरलं की उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरते. दोन किलोवॉटचा गिझर सव्वा किलोवॉटचा होतो. त्याला वायरमन काही करू शकत नाही. अर्धा तास आधी चालू करणं, एवढाच उपाय.

व्होल्टेज चांगलं असून उशीर लागत असेल आणि तापताना आतून कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येत असेल, तर कॉईलवर क्षाराचं कवच चढलं आहे. लाल दिवा लागतोय पण पाणी अजिबात तापत नाही, तर थर्मोस्टॅट किंवा जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट उडाला आहे. काही गिझरमध्ये झाकणाखाली त्याचं छोटं बटण असतं, ते दाबून पूर्ववत होतं. दोनदा उडालं तर तिसऱ्यांदा दाबू नये. ज्याला मल्टीमीटर धरता येतो त्याने मेन स्विच पाडून, टेस्टरने खात्री करून, कॉईलच्या वायरी सोडवून मोजावं. दोन किलोवॉटच्या कॉईलचा रोध सव्वीस ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही तर कॉईल तुटली. कॉईलचं टोक आणि गिझरचं अंग यांच्यात कुठलाही आकडा आला, तर वीज पाण्यात उतरते आहे. तो गिझर त्या क्षणी बंद. ज्याला हे वाक्य वाचताना अडखळायला झालं, त्याने झाकण उघडूच नये. त्यात कमीपणा नाही.

गिझरच्या गार पाणी आत नेणाऱ्या पाइपावर एक पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब गळतात. पंधरा लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर गेलं की पावशेराएवढं फुगतं, त्याला वाट हवी. तापतानाच गळत असेल तर तो त्याचं काम करतोय. या गळतीला एमसील लावणं म्हणजे न्हाणीत सुतळी बॉम्ब टांगणं.

नळाला हात लावल्यावर मुंगी चावल्यासारखं होत असेल, तर ती मुंगी नाही. गिझरला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि घराला वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, या तीन गोष्टी हव्यातच. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून तिला बाजूला काढून थेट वायर जोडणारे लोक स्वतःच्या घरातला पहारेकरी हाकलून देतात. आणि इथेही पाणीच आडवं येतं: अर्थिंगचा खड्डा मुरमात असेल, उन्हाळ्यात खडखडीत वाळला असेल, तर वीज जमिनीत जात नाही. न्हाणीचं सांडपाणी वळवून तो खड्डा ओला ठेवता येतो. बादलीत सोडायचा रॉड चालू असताना त्या पाण्यात बोट बुडवून ‘तापलं का’ बघू नये, हे दर हिवाळ्यात सांगावं लागतं.

गॅस गिझरचे घरी पाहण्यासारखे दोनच दोष. पेटत नसेल तर आधी खालचे दोन मोठे सेल बदलावेत. तरी पेटत नसेल तर पाण्याचा दाब कमी आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार मिळतो, आणि टाकी न्हाणीच्या डोक्यावर सहा-सात फुटांवर असेल तर आतली झडप उघडण्याएवढा जोर येत नाही. याच्यापुढे हात लावू नये. ज्योत निळी हवी. पिवळी, लाल झाली की जळण अर्धवट आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय. त्याला वास नाही, रंग नाही. थंडी वाजते म्हणून खिडकी बंद करून गॅस गिझरखाली अंघोळ करणारी माणसं न्हाणीतून उठलेली नाहीत, अशा बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यात येतात. तो गिझर न्हाणीच्या बाहेरच हवा. गॅसचा वास आला तर बटणं न दाबता सिलिंडर बंद करून, बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

बीडची मुलं आता इंग्लंडातही राहतात, आणि जानेवारीत तिथला बॉयलर बंद पडला की आईला व्हिडिओ कॉलवर थंडी दाखवतात. तिथलीही रीत हीच आहे. आधी पाण्याचा काटा बघायचा. थंड असताना तो एक ते दीड बारच्या मध्ये हवा, खाली असेल तर भरायचा कॉक उघडून पाणी घ्यायचं. कडाक्याच्या थंडीत बाहेरचा सांडपाण्याचा प्लॅस्टिक पाइप गोठतो, त्यावर कोमट पाणी ओतायचं. बॉयलरचं गॅसचं काम मात्र ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेल्या कारागिराशिवाय कुणी करायचं नाही, हा तिथला कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा अंगवळणी पडलेला नाही, म्हणून ती रेघ आपली आपणच आखून घ्यावी लागते. पाणी, हवा, सावली, धूळ, जाळ्या, झडपा हे घरच्यांचं काम. कॉईलच्या पुढची वीज, गॅस, टाकीचं वेल्डिंग हे जाणत्याचं.

खंडेनवमीला घरोघरी गाडी धुतात, कोयता-विळा-पेचकस पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. तिथून नरकचतुर्दशीला जवळपास वीस दिवस उरतात. यंदा त्या दिवशी गाडी धुऊन झाली, की तेच फडकं घेऊन गच्चीवर चढावं आणि एअर व्हेंटमध्ये तार घालून बघावी. कुंभारीण माशीने घर केलं असेल, तर मिस्त्री अजून रिकामा आहे.